बँडमास्तरांच्या पगाराची सोय

लिहून ठेवणारी मी, शाळेच्या गल्लीच्या तोंडावर जे इस्त्रीचं दुकान होतं त्याची मालकीण. शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. सही येते, अंगठा लावणार नाही. आज माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सुनेला शंका आली तर तिने तो दोनदा वाचावा. मला कोणी धमकावलेलं नाही, भुलवलेलं नाही, आणि या वयात भुलवायला कोणी येईल अशी आशाही नाही. जे सांगते ते माझ्या मर्जीने. अक्षर वकीलबाईंचं, शब्द माझे. कुठे कायद्याचा वास आला तर तो त्यांचा.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. थोरल्याला कधी "सगळं तुझंच आहे रे" असं म्हटलं असेन, तर तापात म्हटलं असेन. ते रद्द.

कलम पहिलं, घर. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आहेत. नवऱ्याचा त्यात एवढाच वाटा, की तो ट्रक घेऊन बाहेरगावी असायचा आणि मला सुखाने काम करू द्यायचा. रस्त्याकडची खोली थोरल्या मुलाला, मागची धाकट्या मुलीला. जिना दोघांचा. जिन्यावरून भांडण झालंच तर खाली उतरून भांडावं, वरून कोणी पडायला नको.

कलम दुसरं. बँकेतली शिल्लक आणि कानातले धाकटीला. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती येऊन राहिली. थोरला रोज फोन करायचा, नाही कशाला म्हणू. पण फोनने कूस बदलता येत नाही.

कलम तिसरं, सामान आणि जुने हिशेब. कोळशाची जड इस्त्री सुनेला. तिचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला टेकण लावायला बरी. यात टोमणा नाही. थोडा आहे. माझं शिवणयंत्र जावेने आठवड्याच्या बोलीवर नेलं होतं, आता तिची नात त्यावर शिवते. ते मी त्या नातीलाच दिलं असं लिहा, म्हणजे जावेच्या माथी चोरी नको. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांचा एक कोट अजून माझ्याकडे टांगलेला आहे. पालकसभेत ते मला म्हणाले होते, "तुम्ही इस्त्री बघा, शाळा आम्ही बघतो." कोट त्यांनी इस्त्रीचे पैसे देऊन न्यावा. त्यांच्या मागे जो कोणी असेल त्यानेही पैसे देऊनच न्यावा.

कलम चौथं, दुकान. सगळ्यांचे कान इथेच लागलेत, तेव्हा सावकाश सांगते.

दुकान सध्या चावीवाल्याकडे भाड्याने आहे. माणूस सरळ आहे, भाडं वेळेवर देतो. हे भाडं माझ्या पश्चात दर महिन्याला शाळेच्या बँडमास्तरांच्या हातात, पगार म्हणून जावं. शाळेच्या पालक समितीच्या हातात नाही. मास्तरांच्या हातात. व्यवस्था धाकटी बघेल. दुकान विकू नये, गहाण ठेवू नये. शाळेत बँड शिकवणारं कोणीच उरलं नाही आणि दोन वर्षं तसंच गेलं, तर दुकान दोन्ही मुलांचं, निम्मं निम्मं.

वकीलबाई म्हणाल्या, "कारण लिहायची गरज नाही, आजी." मी म्हटलं, कारण नाही लिहिलं तर लोक स्वतःचं घालतील. लिहा.

थोरला शाळेत होता तेव्हा बँडचा खर्च पालकच चालवायचे. वर्गणीसाठी पत्र्याचा डबा होता, झाकणाला फट पाडलेली. डबा एका संध्याकाळी एका घरी, दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या घरी. ज्याला जमेल ते त्याने टाकावं, काही न टाकता पुढे दिला तरी चालेल. रिकामा हात कोणाला दिसायचा नाही. ज्याला पैसे जमत नसत तो कामाने द्यायचा. सुताराने वह्या ठेवायच्या घोड्या करून दिल्या, चांभाराने ढोलाचे पट्टे शिवले, मी गणवेश फुकट इस्त्री केले. थोरला झांजा वाजवायचा. वाईट वाजवायचा. पण वाजवायचा. मास्तरांचा पगार त्या डब्यातून निघत गेला आणि कोणी कोणाचा उपकार मिरवला नाही.

पुढे थोरला मोठा झाला, पैसा बरा मिळवू लागला, त्याची मुलगी त्याच शाळेत गेली आणि हा पालक समितीचा अध्यक्ष झाला. समितीने डबा बंद केला. म्हणे, पारदर्शक नाही. यादी आली. सोनेरी पालक, रुपेरी पालक, आणि खाली बारीक अक्षरात "इतर". यादी स्नेहसंमेलनात माइकवरून वाचायची. मी थोरल्याला म्हटलं, "अरे, 'इतर'मधला बाप पुढच्या वर्षी येईल का?"

"आई, लोकांना प्रोत्साहन लागतं," तो म्हणाला.

लोकांना प्रोत्साहन मिळालं. इतर यायचे बंद झाले. सोनेरी पालकांनी पैसा दिला, पण कशाला, तर ज्याच्यावर नाव घालता येईल अशाला. नवा ढोल, त्यावर नाव. नवे कर्णे, प्रत्येकाच्या नळीवर नाव. गणवेशाला जरीची दोरी, टोपीला तुरा. बँडमास्तरांवर नाव कुठे घालणार? त्यांच्या पगाराचं कोणी बोलेना. सगळ्यांना वाटलं, ते शाळा बघत असेल. शाळेला वाटलं, समिती बघत असेल. मास्तर तीन महिने सायकलवरून फुकट आले, मग यायचे थांबले. तेव्हा समितीला कळलं, की आपण घोड्याला खोगीर, लगाम, घुंगरं सगळं घेतलं आणि चारा राहिला.

थोरल्याच्या मुलीला घरात सगळे भोंगा म्हणतात. ती कर्णा वाजवते, आणि कोणी दार लावलं तर जास्त जोरात वाजवते. ही पोर गेल्या संमेलनात बँडमध्ये उभी होती. मास्तर नव्हते. तुरे मात्र सगळ्यांना होते, मीच दाबून ताठ केले होते. गाणं सगळ्यांनी एकदम सुरू केलं आणि आपापल्या सोयीने संपवलं. ढोलवाला शेवटी एकटाच राहिला, बाजार उठल्यावर राहिलेल्या भाजीवाल्यासारखा. सोनेरी, रुपेरी सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. थोरला सगळ्यांत जोरात.

भोंगा खाली आली, कर्णा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही टाळ्या का वाजवल्या?"

"अगं, छान झालं की!"

"नाही झालं. आम्हाला कळतं."

 घरी जाताना कर्ण्याची पेटी तिने बाबाला उचलू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेले. म्हटलं, परत या, पगार मी देते, दुकानाचं भाडं येतं. दोन महिने ते आले, मी पैसे दिले, पोरं पुन्हा ताळ्यावर आली. आता त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेचं बोलावणं आहे. तिथे पगार आणि राहायला जागा. ते माझ्या तोंडावर म्हणाले, "आजी, राग मानू नका, पण तुमच्यानंतर काय? आणि या गावात खोलीचं भाडं देऊन माझ्या हातात उरतं काय?" राग कसला मानायचा. मी मरणार हे मला माहीत आहे, त्यांनाही असायला हरकत नाही. या आठवड्यात त्यांना तिकडे कळवायचं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे कलम. दुसऱ्याचं माझ्याकडे नाही. बँकेतलं धाकटीचं आहे, त्याला मी हात लावणार नाही.

अट एकच. माझं नाव पाटीवर, ढोलावर, कागदावर, माइकवर कुठेही येऊ नये. कोणाला उचंबळून आलं तर त्याने मास्तरांना चहा पाजावा.

आता इथे जे झालं तेही लिहायचं. वकीलबाई म्हणतात, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हणते, मृत्यू माझा, पत्र माझं, लिहा.

चौथं कलम वाचून होत होतं तेवढ्यात थोरला आला, मास्तरांच्या खोलीच्या भाड्याचं त्याने दारातून ऐकलं. धाकटीने कळवलं असणार, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दारातच म्हणाला, "आई, दुकान नसेल तर वरच्या खोल्यांना किंमत काय येणार? दुकान आणि खोल्या मिळून विकलं तरच काही हाती लागेल. मला पोरीच्या पुढच्या शिक्षणाचं बघायचंय."

"बस आधी," मी म्हटलं. "वकीलबाई, संमेलनाचं पुन्हा वाचा."

वकीलबाईंनी वाचलं. टाळ्यांपाशी आल्यावर तो म्हणाला, "हे कशाला घातलंस?"

"झालं नव्हतं का?"

"झालं होतं." मग तो खुर्ची ओढून बसला. "ती आता माझ्यासमोर वाजवत नाही, आई. मी आलो की कर्णा पेटीत ठेवते. मी विचारलं, तर म्हणाली, तुम्ही कशालाही छान म्हणता."

 म्हणण्यासारखं पोरीने म्हटलेलं होतं.

साक्षीदार दोन लागतात. डॉक्टर आले होते. दुसरा चावीवाला ठरला होता, पण बाजारात कोणीतरी न्हाणीघरात कोंडला गेला म्हणून त्याला बोलावून नेलं. वकीलबाई घड्याळ बघायला लागल्या. थोरला म्हणाला, "मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. म्हणजे येईल, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमची खोली जाईल."

"कुठे जाईल?"

"आजी सांगतील तिथे."

तो माझ्याकडे वळला. "रस्त्याकडच्या खोलीत सध्या काय आहे?"

"इस्त्रीची टेबलं," मी म्हटलं. "आणि मुख्याध्यापकांचा कोट."

"मास्तरांना चालेल का ती? एकटाच माणूस आहे."

मी म्हटलं, "अरे, नीट विचार कर. बायकोला विचार."

"विचारलं तर नाही म्हणेल," तो म्हणाला. "आणि मग मीही नाही म्हणेन. तू लिही."

म्हणून कलम पहिलं आणि चौथं असं बदलावं. मागची खोली धाकटीला, होती तशी. रस्त्याकडची खोली, जो कोणी शाळेत बँड शिकवेल त्याला, शिकवेल तोवर राहायला, बिनभाड्याने. शिकवणारं कोणी उरलं नाही तर तीही धाकटीला. थोरल्याला दुकानातलं निम्मंही नाही, बँड बंद पडला तरी नाही; तेव्हा ते सगळं धाकटीचं. माझ्या हयातीत खोली माझी आहे, ती मी आजच मोकळी करते. टेबलं मागे नेईन, मला झोपायला एक बाजू पुरते. मास्तरांना सांगायला थोरल्याने सही झाली की स्वतः जावं, फोन करू नये.

हे सगळं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. दोन ठिकाणी वकीलबाईंनी माझी भाषा सुधारली होती, ती पुन्हा बिघडवून घेतली.

ठिकाण: वकीलबाईंची खोली, बाजारामागचा जिना, पहिला मजला.
तारीख: शिक्क्यात आहे ती.

लिहून ठेवणारीची सही: केली आहे. 

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत, माझ्यापेक्षा जास्त. सही.

साक्षीदार दुसरा: बाईंचा थोरला मुलगा. साक्षीदाराला काही मिळत नाही हा नियम वकीलबाईंनी दोनदा समजावून सांगितला. समजला. सही.