आईच्या खुर्चीतले माइक

३ मार्च, सोमवार
तारीख मिळाली एकदाची — अठरा मार्च. बाबांच्या घशातली गाठ काढायची. डॉक्टर म्हणाले, "जिवाला धोका नाही. गाण्याचा आवाज राहील की नाही, ते मात्र आत्ता सांगता येत नाही." बाबा घरी आल्यावर म्हणाले, "तू जाहिरातींचे आवाज रेकॉर्ड करतेस ना? मग एकदा आमचंही कर."
आमचं म्हणजे तिघांचं. बाबा गाणार, डफवाले काका, बासरीवाली मावशी. चाळीस वर्षं गातायत, धड रेकॉर्डिंग एक नाही. दिव्याखाली अंधार!

७ मार्च
स्टुडिओतून साधे माइक आणले, प्रत्येकाला एकेक. तोंडाजवळ किंवा वाद्याजवळ ठेवायचे, समोरचं तेवढंच ऐकतात. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा मिक्सर — कटकट नाही.
पण बाबांचा खांब झाला! एरवी गाताना डुलतात, काकांकडे झुकतात. आज नाकासमोर बघून बातम्या दिल्यासारखे गायले. काका म्हणाले, "अरे, फोटो काढतेय का ती तुझा?" मावशीला हसू आवरेना, फुंकर कुठली मारते!

८ मार्च
बाबांवर ओरडले. ऑपरेशन दहा दिवसांवर आलेल्या माणसावर! लाज वाटते.

१० मार्च
आज दोनच माइक. नाजूक जातीचे, अख्खी खोली ऐकणारे. लांब ठेवले की कोणी कसंही हलू दे. पण ठेवायचे कुठे? ते गात होते आणि मी खोलीभर कान लावून फिरले. एकाच जागी तिघं नीट जुळून ऐकू आले — आईच्या खुर्चीपाशी. आईला उठवलं, तिथे स्टँड रोवला. ती स्वयंपाकघरात गेली.
रेकॉर्डिंग ऐकलं तर नुसता डफ! बासरी बिचारी बुडाली.

११ मार्च
कळलं! बाबा दाढी करता करता सहज बोलून गेले, "तुझी आई समोर नव्हती. डफ आवरणार कोण?"
आई गात नाही, वाजवत नाही. पण तळहात खाली करते, काका हळू होतात. बोट उचलते, मावशी पुढे येते. जन्मभर बघितलं मी हे, आणि वाटायचं आई ताल धरतेय! काखेत कळसा अन् गावाला वळसा.

१३ मार्च
झालं!! आई खुर्चीत, माइक तिच्या डोक्यावर वीतभर. फ्रिज बंद, घड्याळ बाहेर, करकरणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली माझा मोजा. एका बैठकीत नऊ गाणी. मध्ये एक हॉर्न आला — येऊ दे. बाबा डुलले, झुकले, एकदा तर उठून मावशीजवळ गेले. सगळं आलंय. किती हलकं वाटतंय! आता काहीही होवो, हे तरी आपल्याजवळ आहे.

१४ मार्च
फ्रिज सुरू करायचा राहिला. दूध नासलं. आईने नुसतं बघितलं.

१८ मार्च
गाठ साधी निघाली. सुटलो! आवाजाचं मात्र तीन आठवड्यांनी कळणार. तोवर बाबांनी अवाक्षर काढायचं नाही.

२५ मार्च
बाबा रोज हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकतात. चेहऱ्यावरून काही कळत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

८ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी. हळू." बाबांनी आईकडे बघितलं. पहिला शब्द घोगरा, पुढचे खणखणीत — "पाचव्या गाण्यात सूर उतरलाय. परत करायचं!"
आईने तळहात खाली केला.