डिकीतले चाक

कोल्हार,
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. रुपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र आणि पाच चाके मच्छिंद्रच्या टेम्पोतून एकत्रच पोहोचतील. मोबाईलवर दिलेल्या सूचना तू अर्ध्या ऐकतेस आणि उरलेल्यांना नुसता होकार देतेस, म्हणून हा कागद. तो तुझ्या पावडर-कोटिंगच्या कारखान्याच्या भिंतीवर चिकटवावा.

चाके एक्काहत्तर सालची, ओतीव ॲल्युमिनियमची आहेत. तुमच्या सुप्यात लोखंडी गेटांना लावतात तसला चकचकीत थर मला नको. मूळचा मंद रुपेरी हवा. जुन्या ओतकामात बारीक छिद्रे असतात, तेव्हा पावडर मारण्याआधी चाके एकदा नुसतीच तापवून आतली हवा काढावी. नट बसतात त्या जागा टेपने झाकाव्यात. तिथे रंग राहिला की नट पुढे सैल होतात. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड दिसली, तर पाचही चाके परत येतील. भाची म्हणून वाढीव गुण मिळणार नाहीत. महाविद्यालयातही मिळाले नव्हते.

पंचवीस जानेवारीला पुण्यात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन आहे. तुझ्या मामीला शेजारी बसवून गाडी मी स्वतः नेणार. तिचे म्हणणे असे की, दोनच आसनांची स्पोर्ट्स कार घेतलीत तेव्हाच मला कळले, यांना पाहुण्यांचे वावडे आहे.

चाके बसवायला नगरच्या परवेझला बोलवू का, असे तू विचारलेस. ते नाव पुन्हा काढू नकोस. भंगारातून ही गाडी आम्ही दोघांनी चार वर्षे खपून उभी केली, हे मी नाकारत नाही. परंतु २००४ साली त्याने चाके बसवली आणि दुसऱ्याच दिवशी साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले. पुढचे डावे चाक काढून मी स्टेपनी लावली, थरथर गेली. म्हणजे हयगय बसवणाऱ्याचीच. त्याच्या गॅरेजात, त्याच्या माणसांदेखत मी ते सुनावले. ते चाक तेव्हापासून डिकीत आहे, एकही ओरखडा नसलेले.

मामीने शेंगदाण्याची चटणी दिली आहे. डबा परत यावा. लोभ आहेच, तुझा कामातून दिसावा.

तुझा,
भागवतमामा


सुपे,
१७ डिसेंबर २०२५

ती. भागवतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

चार चाके तयार आहेत. तुमचा कागद भिंतीवर आहे आणि माझ्याकडची माणसे त्याला रोज नमस्कार करून कामाला लागतात. चटणी दोन दिवसांत संपली.

पाचव्या चाकाबद्दल लिहायला मला आठवडा लागला. जुना रंग काढायला वाळूचा मारा केला तेव्हा आतल्या कडेचा रंग उडाला आणि त्याखालून पुट्टी निघाली. पुट्टीखाली बोटभर भेग आहे आणि कडा किंचित आत दबलेली आहे. ती पुट्टी कोणाची, हे मला शोधावे लागले नाही. ती मीच भरली होती.

परवेझचाचा त्या दिवशी सकाळी चाके बसवून गेले. तुम्ही पेपर तपासायला पुण्याला, मामी माहेरी. मी एकोणीस वर्षांची, तुमच्याकडे राहून शिकणारी. किल्ली खुंटीला होती. मनमाड रस्त्यावर एका खड्ड्यात पुढचे डावे चाक दाणकन आपटले. घरी आणून मी कड लाकडी हातोडीने ठोकली, भेग बुजवली, रुपेरी रंग मारला आणि मामीच्या केस वाळवायच्या यंत्राने तो वाळवला. तुम्ही ते चाक उन्हात धरून निर्दोष ठरवलेत, तेव्हा तुमचा चहा घेऊन मी मागे उभी होते.

गॅरेजातही मी तुमच्याबरोबर होते. चाचा एवढेच म्हणत होते की नट मी स्वतः आवळलेत, साहेब, चाक एकदा तपासून घ्या. तुम्ही ऐकले नाहीत आणि मी बोलले नाही. तुम्ही घरी पाठवाल, मग बाबा शिक्षण बंद करतील, अशी भीती होती. नंतर भीती गेली, पण तोवर फार दिवस झाले होते.

वयाने भेग पडली असे लिहिले असते तर तुम्ही मानले असते. पण या चाकावर मी पावडर मारणार नाही. एकदा मी ती भेग झाकली आहे, तेवढे पुरे. ते गाडीला लावू नका.

जी शिक्षा द्याल ती मान्य आहे. माया मात्र आटू देऊ नका.

तुमची,
रुपाली


कोल्हार,
२२ डिसेंबर २०२५

चि. सौ. रुपालीस,
आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. मी रागावलो आहे आणि हा राग मला यथासांग करायचा आहे. तोवर घाईने फोन करू नकोस.

परंतु हिशेब नीट मांडला पाहिजे. तू एकोणीस वर्षांची होतीस. मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि धातुशास्त्रातली डॉक्टरेट माझ्या नावापुढे होती. जे चाक काढल्यावर थरथर थांबली, ते चाकच तपासायचे, इतकी साधी गोष्ट. याहून लहान चुकीसाठी मी मुलांना नापास केले आहे. मी ते उन्हात धरले, बस्स. विलायती ओतकामात दोष नसणार आणि नगरच्या गॅरेजवाल्यात असणार, हे मी पाहण्याआधीच ठरवले होते. परवेझ मला तपासा म्हणत होता. ज्याचे शिक्षण चौथीपर्यंत, तो योग्य पद्धत सांगत होता.

त्याला पत्र लिहिले. पहिले तीन मसुदे मामीने फाडले. तिच्या मते तिन्हींत थरथरीची कारणमीमांसा होती आणि माफी कुठेच नव्हती. चौथा पाच ओळींचा आहे, तो काल टाकला.

चार चाके पोहोचली आणि निर्दोष उतरली आहेत. हा शब्द मी या वेळी भिंगातून पाहून वापरतो आहे.

माया आटायला ती काय आपल्या भागातली विहीर आहे? काळजी घे.

तुझा,
मामा


अहिल्यानगर,
५ जानेवारी २०२६

प्रोफेसरसाहेबांना परवेझचा सलाम. वहिनींना बी सलाम सांगा.

पत्र मिळालं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हनून माझ्या पोरानं, शाहरुखनं, वाचून दाखवलं, आन् हे बी त्योच लिहितोय, मी सांगतो तसं. पोराला म्हनलं, एक अक्षर सुधारू नको.

तुमी लिवलंय ते बराबर हाय. पन साहेब, तुमी मला बोलला ते कागदावर न्हाई. गॅरेजात नऊ मान्सं हुती. त्यातली दोन वारली. सात जन दर रविवारी सकाळी चहाला जमत्यात. त्यातल्या भीमानं तर तवाच मला बाजूला घेऊन इचारलं हुतं, खरंच नट ढिले राहिले व्हय रं? मी न्हाई म्हनलो. पन पुढं पुढं मलाच वाटाया लागलं, राहिले असत्याल. तुमी एवढे शिकलेले. तवापासून हातातलं काम सुटलं की मागं फिरून बघतो. पोरं हसत्यात.

पंचवीस तारखेच्या रविवारी या. गाडी आना. रुपालीला बी आना. घरवाली सरवरी म्हनते, पोरीला कोन बोललं तर बघा. मी बोलनार हाय, थोडं.

बाकी भेटल्यावर. वळख ठेवा.

परवेझ


कोल्हार,
२७ जानेवारी २०२६

चि. सौ. रुपालीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पुण्याच्या मंडळींना येत नसल्याचे कळवले होते. त्यांचे आश्चर्य अजून ओसरलेले नाही.

परवा चाचांचे बोलणे ऐकून तू रडत आत सरवरीवहिनींकडे गेलीस, म्हणून बाहेरचे तुझ्या दृष्टीस पडले नाही. ते तुला ठाऊक असावे.

सातही जण लाकडी बाकावर दाटीने बसले आहेत, असे मी गृहीत धरले. दोष माझा होता, परवेझचे काम चोख होते, मी तपासले नाही आणि चारचौघांत त्याला बोललो, असे मी उभे राहून सांगितले. मग भीमा चहाला साखर आणायला गेला असल्याचे निघाले. त्यामुळे तो परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. दुसऱ्या खेपेला मी शब्द कमी वापरले. सभेत असे कधी झाले नव्हते.

परवेझ उठला. गाडीभोवती फिरला, तुझ्या चाकांवर नख घासून पाहिले आणि बाकावरच्यांना म्हणाला की पोरीचं काम झकास हाय, पन नट कुना मास्तरनं आवळल्यासारखे दिसत्यात. मग सोळाही नट सोडून त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा आवळले. मी शेजारी गप्प उभा होतो, यावर मामीचा अजून विश्वास बसत नाही.

मामीने तिची जागा त्याला दिली. आम्ही मनमाड रस्त्याला लागलो. साठचा वेग झाला तेव्हा त्याने हात लांबवून तळवा स्टिअरिंगवर टेकवला. स्टिअरिंग स्थिर होते. मी वेग कमी केला, तरी विळद गाव येईपर्यंत त्याने हात काढला नाही, आणि काढ असे मीही म्हणालो नाही.

पुढच्या रविवारी मुलांना घेऊन ये. मागच्या पत्रात मायेची मागणी तू केलीस; या वेळी मी करतो.

तुझा,
भागवतमामा