तीर्थ कोण उकळतं?

१५ ऑगस्ट १९८८, सोमवार

झेंडावंदनाला निघालेली सुमी दारातच खाली बसली. जुलाब — पांढरे, तांदळाच्या धुवणासारखे! दुपारपर्यंत डोळे खोल गेले. सात वर्षांचा जीव. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, पटकी. पाणी कुठलं प्यायली?

आमच्या घरी पटकी कशी? रॉकेल कितीही जळो, पिण्याचं पाणी मी उकळतेच. महादेवा, श्रावणी सोमवारीच का?

१६ ऑगस्ट

सलाइन चालूच. पोरीचे हात गार. डोक्यात एकच — घरात हे आणलं कुणी? भांडी घासायला येणाऱ्या पंचफुलाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

"बाई, म्या काय केलं वो?"

मी आत निघून गेले.

१७ ऑगस्ट

नणंद आली औरंगाबादहून. हेमा तिथं जंतुशास्त्र शिकते. म्हणाली, "वहिनी, हा जंतू नुसत्या विषानं मारत नाही. त्याच्यात जनुकं असतात. एक आतड्याला चिकटायचं काम करतं, एक विष बनवायचं. अन् दोघांवर एक मुकादम! पोटात पोचलं की तो हाक मारतो — चला रे कामाला."

"अन् चिकटलाच नाही तर?"

"तर विष असूनही वाहून जाईल."

तेव्हापासून हातात माळ आणि मनात हेच — चिकटू नको बाबा, सोड तिला.

तपासायला हेमानं माठातलं, टाकीतलं पाणी बाटल्यांत घेतलं. मग देवघरातला कॅन उचलला. मी ओरडलेच — अगं, प्रवासाच्या कपड्यांनी! गंगेचं, आपल्या गोदावरीचं तीर्थ आहे ते. शेजारच्या दत्तरावांनी सोनपेठहून आणून गल्लीभर वाटलंय.

"हे उकळता?"

तीर्थ कोण उकळतं!

१९ ऑगस्ट

सुमीनं वरणभात मागितला!!

२१ ऑगस्ट, रविवार

सुमी घरी आली. हेमाही पुन्हा येऊन गेली. माठ चांगला. टाकी चांगली. जंतू कॅनमध्ये.

रोज आंघोळ झाली की मीच पळीनं तिच्या हातावर तीर्थ घालत होते. मीही घेत होते, हेही. मग आम्हाला कसं काही नाही? हेमा म्हणाली, "सगळ्यांच्या आतड्यात जिवंत पोचत नाहीत, पुष्कळ पोटातल्या आंबटातच मरतात." म्हणजे माझ्यात मेले आणि लेकरात जागे झाले.

निघताना तिनं बजावलं, "दत्तरावांना आजच सांगा." मी पदर खोचलाही. हे म्हणाले, "ऐन श्रावणात देवाच्या पाण्याला नाव ठेवणार? गल्लीत कुणी दारात उभं करणार नाही. उद्याचा सोमवार होऊ दे."

कॅन परसात रिकामा केला. आणि गप्प बसले.

२३ ऑगस्ट

सकाळी आधी पंचफुलाकडे गेले — कामावर ये म्हणायला, आणि खरं काय ते सांगायला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पोरीला लय जुलाब लागले वो रातच्याला, दवाखान्यात नेलंय. काल सोमवार म्हून दत्तरावाकडून तीर्थ आणून पाजलं व्हतं तिनं. तुमची सुमी तीर्थानंच उठली म्हणं."