फितूर सरदारांचा खेळ

धुळे, रविवार, संध्याकाळ

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काका ऐनवेळी आबांचं पॅनल सोडून समोरच्या पॅनलमध्ये गेले, तेव्हापासून आबा या सख्ख्या भावाशी बोलत नाहीत. दिवाळीला काका पिंपळनेरहून येतील. दोघांनाही लढायांचं वेड, म्हणून जुन्या जपानमधल्या सामुराईंचा बोर्डगेम मागवायचा आणि दोघांना समोरासमोर बसवायचं, असं माझं चाललंय.

नवशिक्यांना सोपा असा एकच सापडला. पण त्यात ऐन लढाईत आपलाच सरदार शत्रूला जाऊन मिळतो. नेमका हाच नियम कशाला? आणि तो काढला तर खेळात उरतं काय?

शेवटी भीत भीत आबांनाच तो नियम सांगितला. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मंग तोच मांगाड. तुना काकाले तो नियम पहिलेच येस."

मी हसलो. ते हसले नाहीत.

गोष्ट लिहायची असती तर हाच खेळ डोळे झाकून घेतला असता. सरदार फितूर होतो, आबा पट उधळतात, काका चप्पल घालतात. मला असं सुचतं याचीच लाज वाटली.

दुसरा मागवला. त्यात कुणी फितूर होत नाही, पण नियमांचं चाळीस पानी पुस्तक आहे. ते दोघं वाचणार नाहीत. दिवाळीपर्यंत मलाच पाठ करावं लागेल.