दादाने लावलेल्या भांड्यांच्या पाळ्या

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. पाठ कशी आहे? (बरी आहे म्हणू नका, खरं कळवा.) माझं ठीक, केस गळायचे तेवढे गळून झाले, आता तीही काळजी उरली नाही.

पत्रास कारण, आमच्या प्रोग्रॅमर मंडळींच्या संकेतस्थळाची मी आवराआवर काढली. (घरचं कपाट आवरत नाही आणि निघाला गावचं आवरायला, असं तुम्ही म्हणालच.) सगळ्यांचे कोड इतकी वर्षं एकाच ढिगात पडायचे. कोणी हौसेने काही दाखवलं की लोक त्याच्यावर तुटून पडत आणि मदत मागणाऱ्याला 'छान छान' म्हणून वाटेला लावत. म्हणून मी दोन दालनं केली, एक नुसतं दाखवायचं, दुसरं तपासून घ्यायचं. तपासणीत कोणी दुरुस्ती सुचवली आणि लिहिणाऱ्याने महिनाभरात 'नामंजूर' म्हटलं नाही, तर दुरुस्ती लागू. नियम माझाच. मोठा शहाणा ना मी!

जुना ढीग वाटताना दादाचा कोड हाती आला. घरात भांडी कोणी घासायची, त्या पाळ्या लावणारा तो प्रोग्रॅम. माझ्या हातून तो चुकून तपासणीत गेला. झालं! दादा आता नाही हे त्या लोकांना कुठून ठाऊक? एकाने डोकं खपवून जाहीर केलं की यात गंभीर चूक आहे, एका माणसाची पाळी कधीच येत नाही. दुरुस्ती तयार, वर दादाला उपदेश फुकट. तो माणूस म्हणजे तुम्ही, वहिनी. पाठ धरली होती तरी तुम्ही ऐकत नव्हता, म्हणून त्याने 'कॉम्प्युटर म्हणतो' करून तुम्हाला बसवलं. आणि माझीच पाळी सारखी कशी येते विचारलं, की 'नशीब एकेकाचं' म्हणायचा, लबाड! वाचून आधी पोट धरून हसलो, मग मोरीपाशी उभा राहून रडलो. तो गेल्यापासून इतका रडलो नव्हतो.

आता हे शहाणे त्याचं सुधारणार आणि तुम्हाला भांड्यांना जुंपणार. मला ते सहन होत नाही.

तुमचा,
भावजी

ता. क. दादाचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. त्याच्या नावाने आत जाऊन 'नामंजूर'चं बटण दाबा. एवढं कराच.

ता. क. आणखी एक. खरं सांगू? नियम माझा आहे, मी बसल्या जागी बदलू शकतो. पण तुम्ही आत गेलात की माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागेल, माणूस हजर असल्याचा. तो मला एकदा बघायचाय. आधी फोन करा, मी समोर बसून राहतो. आणि वहिनी, बटण सावकाश दाबा.