दुसरी तलवार कुणी धरायची

खर्डा, १९ जानेवारी

तीर्थस्वरूप काकासाहेबदादांस,

वैजनाथचा नमस्कार. मी ठीक आहे. तुमचा गुडघा आणि राजेश्वरीवहिनींची शुगर, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो, कारण फोनवर विचारायची सोय नाही. तुम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असता आणि मागे ट्रॅक्टरवरची गाणी चालू असतात. मागच्या वेळी मी गुडघ्याचं विचारलं आणि तुम्ही सतरा टन म्हणालात. म्हणून पत्र.

वहिनींनी पाठवलेल्या स्थळाचं आधी सांगतो. पाहुणे आले, बसले. (मी नवी चादर घातली होती.) मुलीच्या मामांनी कोपऱ्यातली जाळीची टोपी पाहून मोहोळं झाडता का, असं विचारलं. मी सांगितलं की नाही, तलवार खेळताना ती तोंडावर घालायची असते. दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार, सहाशे वर्षांपूर्वीची जर्मन पद्धत, शाळा सुटल्यावर मी रोज तासभर सराव करतो. मामांनी विचारलं, कुणाशी? मी म्हणालो, सध्या कुणाशीच नाही. त्यावर ते उठले. चहा तसाच राहिला. मला वाटतं, तलवारीपेक्षा ते उत्तर त्यांना जास्त खटकलं.

किल्ल्याच्या गावात राहून परकी तलवार कशाला, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. आमचे मुख्याध्यापकही विचारतात. खरं उत्तर असं, की मोबाईलवर मला एक जुनं पुस्तक सापडलं. मी ते जामखेडला छापून बांधून आणलं. त्यात उभं राहायच्या चार पद्धती आहेत. एकीचं नाव बैल, दुसरीचं नांगर. (तिसरीचं मूर्ख. ती मला लवकर जमली.) बैल आणि नांगर म्हणणारा माणूस अगदीच परका नसावा, असं मला वाटलं. अडचण एवढीच, की पुस्तकातल्या प्रत्येक पानावर दोन माणसं आहेत. एकट्याचं पान नाही. मी शोधलं.

गेल्या जूनमध्ये मला दुसरा माणूस मिळाला. अजिनाथ. माझ्या समोरच्या घरात राहतो. त्याची ऊसतोडीची टोळी यंदा तुमच्याच कारखान्यावर आहे, तेव्हा तुम्ही त्याला पाहिलं असेल. बाभळीच्या दोन तलवारी सुताराकडून करून घेतल्या (धार लावायची नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग ह्याचा उपेग काय, सर?") आणि एक अजिनाथला दिली. सात दिवस मी त्याला शिकवलं. आठव्या दिवसापासून तो मला मारू लागला. ऊस तोडणारा माणूस वाकून जमिनीलगत घाव घालतो, कारण साखर बुडख्यात असते, आणि सरळ होता होता शेंड्याचं हिरवं वाढं छाटतो. त्याने माझं तेच केलं. आधी नडगी, मी कळवळून वाकलो की डोकं. मी त्याला पुस्तक दाखवलं. जो पायावर मारतो त्याचं स्वतःचं डोकं उघडं पडतं, तेव्हा त्याच्या डोक्यावर मारावं, असं स्पष्ट लिहिलं आहे.

"मंग मारा की," तो म्हणाला.

मी मारायला गेलो. नडगीवरची खूण अजून आहे.

त्याची बायको कडूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "सर, बुडख्यावर बसला की वाढं आपसूक वाकतंय. ह्ये तुमच्या बुकात न्हाई व्हय?"

पुस्तकात नाही. मी समासात लिहून घेतलं.

चार महिने रोज संध्याकाळी मी असा मार खाल्ला. इतके चांगले चार महिने मला दुसरे आठवत नाहीत.

दसरा झाला, टोळ्या गेल्या. वर्गातली निम्मी बाकं रिकामी झाली. तेव्हापासून मी अंगणातल्या कडुलिंबाशी खेळतो. कडुलिंब नियम पाळतो, पण मारत नाही. डिसेंबरात मी शेजारच्या हनुमंतबाबांना (वय ऐंशी, मुलगा आणि सून तोडीला) विनंती केली, की नुसती तलवार धरून समोर उभे राहा. ते राहिले. मी नांगर घेतला. त्यांनी आपल्या तलवारीचं टोक जमिनीला टेकवलं, तिच्यावर भार देऊन पाहिला, "लई बेस हाय," म्हणाले, आणि चालू लागले. आता दुसरी तलवार रोज सकाळी पारापर्यंत जाते आणि दुपारी परत येते. ती मागायचा मला धीर होत नाही. तिच्यामुळे ते घराबाहेर पडू लागले आहेत.

तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पुढच्या स्थळाला माझी माहिती देताना वहिनींनी हा शब्द वापरायला हरकत नाही.

बाकी क्षेम. थंडी आहे. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, तोवर बैल पक्का करीन. लहानांना आशीर्वाद लिहायचा, तर तुमच्या घरात आता लहान कुणी उरलं नाही. तेव्हा तो इकडेच ठेवतो.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधावं.

ता. क. दुसरा. तुमच्या गेटवरच्या वॉचमनची जागा मार्चअखेर रिकामी होणार, असं अजिनाथला कळलं होतं. ती त्याला मिळवून द्यावी. सोबत खोली असते म्हणे. माणूस निर्व्यसनी आहे, आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणी त्याच्याजवळ जाऊ शकत नाही, हे मी अंगावर सोसून सांगतो. त्याची मुलगी संस्कृती माझ्याकडे सातवीत आहे, म्हणजे दसऱ्यापर्यंत असते. तिकडे ती वर्षभर एकाच शाळेत बसेल. मग ते लोक इकडे सणावाराला येतील तेवढेच.

ता. क. तिसरा. जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली असेल, तर फार धडपड करू नका.

ता. क. चौथा. वरचा ता. क. धरू नका. धडपड करा. ही शिफारशीची चिठ्ठी त्याने तोडीला निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे मागितली होती. "सवडीनं लिवा, सर," असं म्हणाला होता. मी त्यातलं सवडीनं तेवढं ऐकलं.