दादाची कॅप्सूल

रविवार, ९ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे मी बरी आहे. लॅबमधला मोठा फ्रीज बिघडलाय, त्याची कटकट चालू आहे. बघ, दादाला जाऊन दोन महिने झाले आणि मी तुला फ्रीजचं सांगत बसलेय!

तू दोनच ओळी लिहिल्यास. ‘ह्यांना खरं औषध मिळालं होतं का?’ आणि ‘चिमीची तपासणी मी करणार नाही.’

नाही मिळालं, वहिनी. शुक्रवारी आमच्या औषधाच्या चाचणीची यादी उघडली. निम्म्या पेशंटना औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशाच कॅप्सूलमध्ये साखर. कुणाला काय, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही, असा नियम. दादाच्या वाट्याला साखर आली.

इथेच सही करणार होते. पण मला हे आधीच कळलं होतं गं.

गेल्या मे महिन्यात तो तपासणीला आला, तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो होतो. म्हणाला, ‘तुझी कॅप्सूल हातातच फुटली, चाटून बघितली. गोड आहे की! लोक उगीच औषधाला नावं ठेवतात.’ मी हसले. खऱ्या औषधाची भुकटी मी रोज तोलते. मास्क लावूनही घशाशी कडू जहर येतं.

डॉक्टर त्याला हृदय बदलायच्या यादीत नाव घाल म्हणत होते. ‘बहिणीच्या औषधानं गुण येतोय’ म्हणून तो टाळत राहिला. मी एक शब्द बोलले असते तर त्यानं नाव घातलं असतं. नियम आहे, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे आठ वर्षांचं काम वाया जाईल म्हणून भ्याले. मी माझ्या भावाला मरू दिलं.

आणि औषध चाललं, वहिनी. ज्यांना मिळालं, त्यातल्या बहुतेकांची हृदयं सावरली. हे मला सहन होत नाही.

हृदयाच्या स्नायूत स्प्रिंगसारखं एक प्रथिन असतं. ते बनवणाऱ्या जनुकातच दादाला चूक होती. माझी तपासणी झाली, मी सुटले. चिमीत ती असण्याची शक्यता निम्मी आहे. आत्ता कळलं तर वेळेवर उपचार होतील.

माझ्याकडे आणू नकोस. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात ने, मला शिव्या घालत ने. माफी मी मागत नाही. पण माझ्यावरचा राग पोरीच्या जिवावर काढू नकोस.

‘तुझी’ लिहायला तोंड नाही, म्हणून नुसतीच,
चिमीची आत्या